धुक्यात भोंगा वाजवत गेलेलं घर

१

केत्रेनच्या किनाऱ्यावरून एका सकाळी घर चोरीला गेलं. घरातलं सामान नव्हे, घरच. चार भिंती, लाकडी छप्पर, धुराडं, निळ्या खिडक्या, सगळं.

ही बातमी घेऊन नोल्बेर्तो आला तेव्हा ओतिलिया बंदर कचेरीतली चूल पेटवत होती. कचेरी म्हणजे एक खोली. तिथली अधिकारी, कारकून आणि झाडूवाली ओतिलियाच. उन्हाळ्यात त्याच खोलीत ती नवशिक्यांना खाडीचं लायसन शिकवायची. त्या लायसनावर हौसेची लहान होडी खाडीच्या आत चालवता येते, टोकावरच्या पांढऱ्या खांबापलीकडे नेता येत नाही. एवढी एक गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्यात तिचा अख्खा उन्हाळा जाई, आणि परीक्षा झाली की पहिल्याच रविवारी हीच मंडळी खांबापलीकडे मासे धरायला जात. पालथ्या घड्यावर पाणी. तरी गावानं तिचं नाव मास्तरीणबाई ठेवलं होतं.

"गेलं," नोल्बेर्तो म्हणाला.

"काय गेलं?"

"घर. आत्याचं घर जागेवर नाही."

ओतिलियानं हातातली काडी विझवली. "नोल्बेर्तो, घर काही उठून जात नाही."

"आज जाणारच होतं ना."

ते मात्र खरं होतं. या बेटांवर माणूस गाव बदलतो तेव्हा घरही बरोबर नेतो. बैल लावून ते किनाऱ्यावर आणायचं, खाली रिकामी पिंपं बांधायची, आणि भरतीला तरंगलं की लाँचींनी ओढून पलीकडे न्यायचं. याला मिंगा म्हणतात. घरवाल्यानं दारोदार जाऊन मदत मागायची, गावानं नाही म्हणायचं नाही, आणि काम झालं की घरवाल्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. नोल्बेर्तोच्या आत्याचं, क्लोरिंदाचं, घर आदल्या दिवशी सगळ्या गावानं ओढून किनाऱ्याला आणलं होतं. आज संध्याकाळच्या भरतीला ते खाडीबाहेरच्या बेटावर जायचं होतं, एका हॉटेलवालीच्या बागेत, पाहुण्यांची खोली म्हणून.

"जागा माझी आहे, मला तिथं होड्यांची शेड बांधायचीय," नोल्बेर्तो म्हणाला. "आत्या आता माझ्याकडेच राहणार, मागच्या खोलीत. पण हॉटेलवालीनं बजावलंय, आज घर पोचलं तर पोचलं, नाहीतर तिला नको. मास्तरीणबाई, मी कुणाला तोंड दाखवू?"

"आधी मला जागा दाखव."

किनाऱ्यावर धुकं असं दाटलं होतं की चार पावलांपलीकडचं दिसेना. जिथं घर होतं तिथं चिखलात दोन लांब चऱ्या पडल्या होत्या आणि त्यात पाणी साचलं होतं.

"पहाटेची भरती आली आणि घेऊन गेली," नोल्बेर्तो म्हणाला. "नाहीतर एवारिस्तोनं चोरलं. दोन्हीतलं काहीतरी एक लिहा."

"मी काय लिहायचं ते तू सांगणार?"

ती वाकली. घर ज्या खुंटाला बांधलं होतं तो जागच्या जागी होता. शेजारी दोर पडला होता. पडला होता म्हणणंही चूक. त्याची गोल, साफ गुंडाळी करून, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड ठेवला होता.

ओतिलिया बराच वेळ त्या गुंडाळीकडे बघत राहिली. भरती गाठ सोडत नाही. सोडलीच तरी दोर गुंडाळून ठेवत नाही.

"हे चोरानं केलंय," ती म्हणाली. "आणि चोराला कुणीतरी वळण लावलेलं दिसतंय."

२

एवारिस्तो बार्रिया किनाऱ्यावर ओढलेल्या लाँचीत बसला होता. इंजिनाचे सगळे अवयव त्यानं गोणपाटावर मांडले होते. संध्याकाळी घर ओढायचं काम त्याच्याकडे होतं. पुढची लाँच कुणाची, यावरून त्याचं आणि नोल्बेर्तोचं आदल्या दिवशी सगळ्यांसमोर वाजलं होतं.

"हाच," नोल्बेर्तो म्हणाला. "याची लाँच जप्त करा. कागद काढून घ्या."

"ये बाबा, उचलून ने," एवारिस्तो म्हणाला. "इंजिन पिशवीत भरून देऊ का? कालपासून खोललंय. बायको साक्ष देईल, ती कालपासून बोलत नाहीये माझ्याशी."

"मग घर कुणी नेलं?" ओतिलियानं विचारलं.

"कालेउचेनं."

ओतिलियानं डोळे मिटले. कालेउचे म्हणजे भुतांचं जहाज. धुक्यातून येतं, दिवे लावून, गाणं-बजावणं करत, आणि हवं ते घेऊन जातं. केत्रेनमध्ये जाळं हरवलं, बोकड हरवला, नवरा हरवला, की त्याच्यावर ढकलायची रीत होती.

"भुतांना निळ्या खिडक्यांचं घर कशाला हवंय, एवारिस्तो?"

"त्यांना पण म्हातारपण असेलच की."

"कुणी काही ऐकलं का?"

"मी घोरत होतो. माझं घोरणं ऐकलं असेल लोकांनी." त्यानं हात पुसले. "हे बघा मास्तरीणबाई, चेष्टा सोडा. ते घर ओढायला तीन लाँची लागतात. गावातल्या सगळ्या लाँची पहाटे इथंच होत्या, मग हा बोंबलत आल्यावर शोधायला गेल्या. मग नेलं कशानं?"

"तीन लाँची प्रवाहाच्या उलट लागतात. ओहोटी लागली की प्रवाहच नेतो. तोंड सरळ धरायला एक लहान होडी पुरे."

एवारिस्तोला हे पटलं, आणि आपल्याला आधी सुचलं नाही याचा रागही आला.

"शोधायला गेल्या कुठं?" ओतिलियानं विचारलं.

"बाहेर. खांबापलीकडे. ओहोटीबरोबर सुटलेली वस्तू आणखी कुठं जाणार? टोकाला वळसा घातला की पलीकडे वाळू आहे. मी चोर असतो तर तिथंच लावलं असतं, आरामात."

"म्हणजे आत कुणीच बघितलं नाही."

"आत काय बघायचं? आत नुसता चिखल. चिखलात घर कोण घालतं?"

"आता लिहाल की नाही?" नोल्बेर्तो मधेच म्हणाला. "संध्याकाळ होत आली."

दुपारसुद्धा झाली नव्हती. ओतिलियाच्या कपाळावरची शीर उडायला लागली. एक म्हणतो भरती, दुसरा म्हणतो भुतं, आणि दोघांनाही तिच्याकडून कागद हवा. तिनं कचेरीचा रस्ता धरला. मागोमाग नोल्बेर्तो, आणि गंमत चुकू नये म्हणून एवारिस्तोही.

कचेरीच्या दारात कुणीतरी आधीच येऊन उभं होतं. कोपरापर्यंत पीठ माखलेलं, आणि चेहरा भट्टीसारखा तापलेला.

३

एर्मोसिनाची बेकरी किनाऱ्याला लागून होती.

"मास्तरीणबाई, माझी तक्रार लिहून घ्या."

"थांब जरा. आधी घर हरवलंय."

"घर गेलं खड्ड्यात. माझी झोप गेली तिचं काय? पीठ मळून ठेवते, उजाडताना जरा पाठ टेकते. तेवढीच माझी रात्र. आणि आज मेलं कुणीतरी सारखं भोंगे वाजवत होतं."

"भोंगे?" ओतिलिया म्हणाली.

"एकदा नाही, दोनदा नाही. वाजवायचं, थांबायचं, माझा डोळा लागला की परत वाजवायचं. हळूहळू लांब गेलं म्हणून बरं, नाहीतर मी वल्हं घेऊन पाण्यात उतरले असते."

"केत्रेनमध्ये भोंगा कोण वाजवतं?" एवारिस्तो हसला. "माझ्या भोंग्यात चिमणीनं घर केलंय. धुकं पडलं की आपण ओरडतो, समोरचा शिव्या देतो, झालं."

"तू गप्प बस," ओतिलिया म्हणाली. "एर्मोसिना, कसा वाजत होता?"

"भोंग्यासारखा."

"लांब की आखूड?"

"मी काय मोजायला बसले होते?"

"मग कशाला आलीस?" ओतिलियाचा आवाज चढला. मग तिनं तो खाली घेतला. "बस. पाणी पी. आता डोळे मिट आणि टेबलावर थापा मार. जसं ऐकलंस तसं."

एर्मोसिनानं आधी कुरकुर केली, पण डोळे मिटले. तळहात टेबलावरून लांब ओढला, मग दोन थापा मारल्या. टेबलावर पिठाचा पट्टा उमटला.

"असं. एक लांब, दोन आखूड. आणि लगेच मागून दुसरा यायचा. तो घोगरा होता, बैलाचं शिंग फुंकावं तसा."

"दुसरा पण तसाच? एक लांब, दोन आखूड?"

"नाही. त्याचे आखूड तीन."

"नक्की?"

"बाई, माझी झोप मोडली होती, कान शाबूत होते."

ओतिलिया खुर्चीत बसली.

"एक लांब आणि दोन आखूड," ती सावकाश म्हणाली. "धुक्यात असं वाजवलं की अर्थ होतो, मी मागं काहीतरी ओढून नेतोय, वाटेत येऊ नका."

"चोर भोंगा वाजवून सांगतो, चोरी करतोय म्हणून?" एवारिस्तोला हसू आवरेना.

"आणि एक लांब, तीन आखूड. हा ओढणाऱ्यानं वाजवायचा नसतो. जी वस्तू ओढली जातेय तिनं वाजवायचा. तोही एकाच अटीवर."

"कोणत्या?"

"तिच्यावर माणूस असलं तर."

४

"घरात माणूस होतं?" नोल्बेर्तो म्हणाला. "कोण असणार घरात? घर तर रिकामं केलं होतं."

ओतिलियानं त्याच्याकडे पाहिलं. सकाळपासून तिला घराबद्दल सांगून झालं होतं, शेडीबद्दल, हॉटेलवालीबद्दल, लाँचींबद्दल. एका माणसाचं नाव मात्र नोल्बेर्तोनं फक्त मागच्या खोलीसंबंधात घेतलं होतं.

"तुझी आत्या कुठाय?"

"मागच्या खोलीत. झोपली असेल."

"तू पाहिलंस?"

"ती कुठं जाणार आहे?"

नोल्बेर्तोच्या घरी जाऊन पाहिलं, तर मागच्या खोलीतल्या अंथरुणाची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. उशी जशी ठेवली तशी होती. क्लोरिंदाची विणकामाची पिशवी नव्हती, आणि चुलीवरची किटलीही नव्हती.

"अरे देवा," नोल्बेर्तो म्हणाला. "चोरांनी आत्यालापण नेलं."

ओतिलियानं वर छताकडे पाहिलं आणि तोंडात आलेलं गिळलं.

"नोल्बेर्तो, चोर माणसाला पळवतात तेव्हा किटली बरोबर घेऊ देत नाहीत. आणि तिच्या हातात भोंगा देऊन, नियमाप्रमाणे वाजव, असंही सांगत नाहीत. आता मी बोलते ते मधे तोंड न घालता ऐका. या खाडीत मी इतकी वर्षं आहे, कोळ्यांपैकी एकानंही धुक्यात नियमाचा भोंगा वाजवलेला मी ऐकला नाही. दोर सोडल्यावर त्याची गुंडाळी करणाराही मी पाहिलेला नाही, तुम्ही जिथं सुटला तिथं टाकता. मग हे दोन्ही कोण करेल? जो कालपरवा शिकलाय आणि ज्याला अजून सगळं पाठ आहे, तो."

"तुमचे विद्यार्थी?" एवारिस्तो म्हणाला. "ते तर पहिल्याच रविवारी..."

"माहीत आहे. सगळे तसलेच. दोघं सोडून."

यंदाच्या वर्गात शेवटच्या बाकावर क्लोरिंदा बसायची, विणत. या वयात लायसन कशाला, म्हणून सगळे हसले होते. ओतिलियाला वाटायचं, म्हातारी चुलीच्या उबेला येते. शेजारी रुदेसिंदो बसायचा, निवृत्त पोस्टमन. बेटावर जन्मूनही तो पाण्याला भ्यायचा. पत्रं घेऊन होडीत चढताना डोळे मिटायचा म्हणे. लायसन मिळाल्यावर त्यानं एक लहान होडी घेतली होती आणि तो ती रोज पुसायचा. पाण्यात घातलेली कुणी पाहिली नव्हती.

"रुदेसिंदो?" एवारिस्तो म्हणाला. "तो पावसाला भितो."

"आता पुढचं सांग. तू म्हणालास, चोर असतास तर टोकाला वळसा घालून वाळूवर लावलं असतंस. वाळू कुठाय?"

"खांबापलीकडे."

"आणि खाडीच्या लायसनावर खांब ओलांडता येतो का?"

एवारिस्तोनं कपाळावर हात मारला.

"जो चोर धुक्यात कुणी बघत नसताना भोंगा वाजवतो," ओतिलिया म्हणाली, "तो खांब ओलांडेल का? सगळं गाव बाहेर शोधतंय. घर आतच आहे. खांबाच्या अलीकडे, ओहोटीच्या वाटेवर, तुम्ही थुंकायलाही जाणार नाही अशा चिखलात. तिथं वर कुणाचं शेत आहे?"

"बटाट्याचं," नोल्बेर्तो पुटपुटला. "रुदेसिंदोचं."

५

ते शेताच्या बांधावर पोचले तेव्हा धुकं विरायला लागलं होतं. आधी धुराडं दिसलं. त्यातून धूर निघत होता. मग निळ्या खिडक्या दिसल्या. घर चिखलात एका कुशीवर जरा कललं होतं, आणि उंबऱ्यावर क्लोरिंदा बसली होती. अंगात नारिंगी जीवरक्षक जाकीट, मांडीवर विणकाम. बाजूला होडीत रुदेसिंदो, तसंच जाकीट घालून, ताठ.

"बरं झालं आलात, मास्तरीणबाई," क्लोरिंदा म्हणाली. "ही जाकिटं काढू का आता? तुम्ही सांगितलं होतं, किनाऱ्याला लागेपर्यंत काढायची नाहीत. चिखलाला किनारा म्हणायचं की नाही, यावर सकाळपासून आमचं एकमत होईना."

"काढा," ओतिलिया म्हणाली. तिला हसावं की ओरडावं ते कळेना, म्हणून ती ओरडली. "आणि तुमचा दोर आखूड होता. घर होडीवर चढलं असतं तर? मी किती वेळा फळ्यावर काढून दाखवलं?"

"दोनदा आलं अंगावर," रुदेसिंदोनं कबूल केलं. "मी डोळे मिटले नाहीत पण."

शोधायला गेलेल्या लाँची धूर पाहून परतायला लागल्या. बांधावर माणसं जमली, एर्मोसिनाही आली. कालच्या मिंगाचे बैल कुणीतरी मागून हाकत आणले. आणि खाली चिखलात पाणी चढू लागलं. संध्याकाळची भरती येत होती.

नोल्बेर्तोला आता जोर आला. "आत्या, गावात माझी लाज घालवलीस. नको होतं तर सांगायचं होतंस."

"तू विचारलंस कधी? तू सांगितलंस. सगळ्या गावाला विचारलंस, येता का म्हणून, माझ्या नावानं. माझ्याच दारावर तेवढी टकटक केली नाहीस."

"आणि हा रुदेसिंदो मधे कोण? लग्न करताय की काय?"

"तो त्याच्या घरात राहील, मी माझ्या. मधे बटाटे."

लोक हसले. नोल्बेर्तो ओतिलियाकडे वळला. "मास्तरीणबाई, याचं लायसन रद्द करा. नवशिक्याचं लायसन आहे, त्यावर घर ओढता येतं का? होडी काढून घ्या आणि एवारिस्तोला सांगा, पाणी पुरेसं चढलं की घर बाहेर काढ. अजून वेळ गेलेली नाही."

रुदेसिंदोचा चेहरा पांढरा पडला. ओतिलियाला त्या घटकेला सगळ्यांचाच वीट आला. पुतण्याचा, त्याच्या शेडीचा, वेळेवर न बोलणाऱ्या म्हातारीचा, आणि तोंडाकडे बघत उभ्या राहिलेल्या सगळ्या गावाचा. ती चिखलात उतरली आणि होडीपाशी गेली.

"रुदेसिंदो, खांब ओलांडलास?"

"नाही, बाई. अलीकडेच थांबलो. म्हणून तर चिखलात आलो."

"भाडं घेतलंस?"

त्यानं विचार केला. "क्लोरिंदानं घरच्या चुलीवर बटाट्याचे जाड रोट, मिल्काओ, केले. निघताना दोरीला बांधून एक पाठवला. तो खाल्ला."

"खाणं भाड्यात धरत नाहीत. हे लायसन हौसेचं आहे. धंदा चालत नाही, मालाची ने-आण चालत नाही. जे केलंस ते हौसेनं केलंस का? खरं सांग, यावरच सगळं आहे."

रुदेसिंदो हातातल्या भोंग्याकडे बघत राहिला. "सगळा जन्म मी पाण्याला भ्यालो," तो म्हणाला. "आज सकाळी मागं घर, पुढं काही दिसत नाही, आणि घरातून ही बाई शिंग फुंकतेय. इतकी मजा मला कधी आली नव्हती."

"ऐकलंस?" ओतिलिया नोल्बेर्तोला म्हणाली. "खाडीच्या आत, जाकीट घालून, भोंगा वाजवून, भाडं न घेता, हौसेनं. मी शिकवलेलं एवढं सगळं एकानं पाळलंय, आणि त्याचंच लायसन मी काढून घेऊ? घर कुणाच्या नावावर आहे?"

नोल्बेर्तोनं आत्याकडे पाहिलं.

"माझ्या," क्लोरिंदा म्हणाली. "जागा त्याची, घर माझं."

"मग चोरीही नाही. स्वतःच्या घरात बसून फिरायला गेली, एवढंच. माझं काम संपलं. घर आता कुठं न्यायचं ते तुम्ही आपसांत बघा."

पाणी उंबऱ्याला टेकलं. पिंपं एकमेकांवर घासून वाजायला लागली आणि घर हळूच सरळ झालं. आता ते बाहेर नेता आलं असतं, वरही नेता आलं असतं. एवारिस्तो एका शेजाऱ्याच्या लाँचीत उभा होता, हातात जाड दोर. तो नोल्बेर्तोकडे बघत होता, आणि नोल्बेर्तो त्याला टाक, टाक, अशी खूण करत होता.

क्लोरिंदा उंबऱ्यावरून उतरली. पाणी तिच्या गुडघ्यापर्यंत आलं. ती लाँचीपाशी गेली.

"एवारिस्तो, तुला विचारायचं राहिलं होतं. माझं घर ओढायचंय. येशील का?"

"कुठं न्यायचं, काकू?"

"वर. बटाट्याच्या कडेला, त्या चढावर."

एवारिस्तोनं नोल्बेर्तोची खूण पाहिली, न पाहिल्यासारखं केलं, आणि दोराचं टोक किनाऱ्याकडे भिरकावलं. "येतो."

मग ती बांधावर आली आणि एकेकासमोर थांबली. प्रत्येकाला नावानं हाक मारली, प्रत्येकाला तेच विचारलं. बैलवाल्याला विचारलं, तो येतो म्हणाला. एर्मोसिनाला विचारलं. तिनं हातावरचं पीठ झटकलं आणि येते म्हणाली. ओतिलियाला विचारलं, तेव्हा ओतिलियाचे बूट आधीच चिखलानं भरले होते. तीही येते म्हणाली, जरा चिडूनच.

सगळ्यात शेवटी ती पुतण्यासमोर उभी राहिली.

"नोल्बेर्तो, माझं घर ओढायचंय. येशील का?"

कुणी हललं नाही. बैलसुद्धा उभे राहिले. विचारल्यावर नाही म्हणणारा माणूस केत्रेननं अजून पाहिला नव्हता, आणि आज पहिला दिसतो की काय, म्हणून सगळे बघत होते. नोल्बेर्तोनं एकदा खाडीबाहेरच्या बेटाकडे पाहिलं. धुकं आता पुरतं गेलं होतं, आणि हॉटेलवालीची बाग इथूनही दिसत होती. तिथल्या मोकळ्या जागेकडे तो बराच वेळ बघत राहिला.

मग तो खाली बसला आणि त्यानं बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.